अकरा वाजता सरकणारं बटण

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. मधे हसायला जागा नाही, आणि शेवटी जे हसाल ते माझ्यावर हसाल. त्याची मला सवय झाली आहे. हल्ली मी बाजारात दिसलो की मासळी विकणाऱ्या बायका टोपलीवरचं फडकं सारतात आणि विचारतात, "काय रं हरेश, काय म्हनतात बाबा?"

माझे बाबा जाऊन सात वर्षं झाली.

थळच्या किनाऱ्याला आमचं घर. बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. शाळा सुटली. माझ्या थोरल्या भावाने, जितूदादाने, बाबांची होडी हातात घेतली, आणि मी त्याच्या मागे जाळी ओढायला. होडीचं नाव 'दर्यालक्ष्मी'. आता एक गोष्ट सांगतो, कोळ्याच्या पोराने चारचौघांत सांगू नये अशी. मला बोट लागते. खांदेरीचा किल्ला दिसायला लागला की माझ्या पोटात ढवळायला लागतं. सहा वर्षं मी बर्फाच्या पेटीमागे तोंड लपवून ओकलो, आणि वर येऊन "जाळं बघत होतो" म्हणालो. दादाची लांब उजेडाची नवी टॉर्च दर्यात गेली, ती कशी गेली हेही त्याला तेव्हा कळलं नाही.

म्हणून गेल्या वर्षी आजारी पडून होडी सोडली, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून प्रोग्रामिंग शिकायला लागलो. इंग्रजी मी एकेक अक्षर जोडून वाचतो. पण मला ते आवडायचं. तिथे काही डुलत नाही ना!

आमच्या मच्छीमार सोसायटीत एक काळा फळा आहे. कुठली होडी दर्यात गेली, कुठली परत आली, ते त्यावर खडूने लिहितात. कुणीतरी पाठ टेकतो आणि तीन होड्या पुसल्या जातात. त्या होड्यांच्या बायका दिवसभर जीव मुठीत धरून बसतात. मी चेअरमन तांडेलकाकांना भीत भीत म्हणालो, "काका, कंप्युटरवर करतो मी हे. प्रत्येक होडीचं एक बटण. गेली की हिरवं, आली की पांढरं."

काका म्हणाले, "दाखव करून. जमलं तर हापिसात बस तू. तसा पन होडीवर तुझा उपेग काय हाय?"

मंडळी, माझा अख्खा जन्म त्या खुर्चीत अडकला होता. जमलं तर जमीन, नाही जमलं तर बर्फाची पेटी.

आधी मी बटणं हाताने लिहून काढत होतो. इतके आकडे इकडून, तितके आकडे वरून. प्रोग्राम चालवला की बटणं वादळातून आल्यासारखी एकमेकांवर चढलेली. मग व्हिडिओत एक मास्तर म्हणाला, असं लिहीत बसू नका, डिझायनर बसवा. म्हणजे काय, तर प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक वस्तू बसवायची. मग समोर कोरी पाटी येते. बाजूला बटणं, चौकटी मांडलेल्या. माऊसने बटण धरायचं, हवं तिथे नेऊन सोडायचं. लिहायचं काम ते आपलं आपण करतं.

रविवारी सकाळी मी बसवायला घेतलं. आमच्या घरात नेटवर्क येतं ते फक्त पश्चिमेच्या खिडकीत. म्हणून लॅपटॉप स्टुलावर, माझ्या डाव्या हाताला खिडकी, खिडकीबाहेर अंगण, अंगणापलीकडे दर्या. लॅपटॉप अलिबागच्या मावसभावाने वापरून दिलेला, बोट फिरवायची पट्टी बंद पडलेली, म्हणून सोबत एक बिनवायरचा काळा माऊस.

यादी आली. टिचक्या मारल्या. पट्टी हळूहळू भरायला लागली, आणि निम्म्यावर येऊन थांबली. तेवढ्यात अंगणातून आयेची हाक, "हरेश, ये रं जरा! जवळा पसरलाय, ताडपत्री धर!" मी जाऊन ताडपत्री धरली, परत आलो. पट्टी होती तिथेच. इतक्यात समोर एक चौकट उघडली. मी मोबाईलवर तिचं मराठी करून बघितलं, आणि माझ्या मानेवर काटा आला.

'यावर कुणाची सही नाही. हे खरं कुणाचं आहे ते सांगता येत नाही. तरीही आत घ्यायचं का?'

तुम्ही काय केलं असतं? मला खुर्ची दिसत होती. मी म्हटलं, घे आत.

पण 'हो' दाबायला माऊस बघतो तर माऊस नाही! स्टुलाखाली नाही, गोधडीत नाही, कुठेच नाही. शेवटी कीबोर्डवरून 'हो' दाबलं. माऊस हरवला हे कुणाला सांगणार? भावाने विश्वासाने दिलेली वस्तू. मी गुपचूप बाजारात जाऊन वायरचा नवा माऊस आणला, जोडला, आणि तोंड बंद ठेवलं. माझा स्वभावच तसा. विचारण्यापेक्षा न विचारणं मला सोपं जातं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिझायनर झकास चालला. रात्री बसून मी चौदा होड्यांची चौदा बटणं मांडली. 'दर्यालक्ष्मी' मधोमध.

सोमवारी सकाळी पुन्हा बसलो. नऊच्या सुमाराला पडद्यावरचा बाण जरासा थरथरला. मला वाटलं, माझाच हात. अकरा वाजले. मी चहाचा कप उचलला होता, म्हणजे दोन्ही हात कपाला. बाहेर पांढरं ऊन, कावळा नाही, माणूस नाही. दुपारचा वारा नुकता दर्यावरून यायला लागला होता.

आणि बाण हलला.

झटका नाही, घाई नाही. एखादं माणूस अंधारात चाचपडतं तसा. दोन बोटं पुढे, एक बोट मागे. मग 'दर्यालक्ष्मी'वर थांबला. बटणाभोवती चौकट उमटली, म्हणजे कुणीतरी ते धरलं. आणि बटण निघालं. डावीकडे. खिडकीकडे. दर्याकडे! पाटीच्या काठाशी गेलं आणि काठावरून पलीकडे दिसेनासं झालं.

कप माझ्या हातात होता, चहा मांडीवर होता. भाजलं हे मला संध्याकाळी कळलं.

मी बटण परत मधे आणलं. हात उचलले. ते परत गेलं. दर खेपेला तेच एक बटण. बाकी तेरा होड्या आपापल्या जागी गपगार.

मंगळवारी मी डिझायनर काढून टाकला. पुन्हा बसवला. पुन्हा तीच चौकट, कुणाची सही नाही, आत घ्यायचं का? मी पुन्हा 'हो' दाबलं. अकराला बटण निघालं.

बुधवारी लॅपटॉप पिशवीत घालून अलिबागला कंप्युटर क्लासच्या सरांकडे गेलो. सरांनी टेबलावर ठेवला. अकरा वाजले, बारा वाजले, एक वाजला. बटण ढिम्म. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "लॅपटॉप एकदम व्यवस्थित आहे. तुझी झोप होते ना नीट?"

झोप! येताना रिक्षात माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. लॅपटॉपला काही झालेलं नाही. म्हणजे जे आहे, ते घरात आहे.

गुरुवारी मला कुणाला तरी सांगणं भाग पडलं. आणि मी कुणाला सांगावं? फुलाआत्याला! आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण, शेजारच्या घरात राहते. तिला सांगितलेली गोष्ट मासळीच्या आधी बाजारात पोचते. तिने माझ्या मांडीला मांडी लावून अकराचा प्रकार पाहिला. मग म्हणाली, "पहिल्यापासून सांग. काय केलंस तू?"

मी त्या चौकटीचं सांगितलं.

"म्हंजी दारात कोनतरी आलं," आत्या हळू आवाजात म्हणाली, "तू इचारलंस कोन हाय. त्यानं नाव न्हाय सांगितलं. आनि तू आत घेतलंस?"

"आत्या, तसं नसतं गं त्यात..."

"दोनदा घेतलंस?"

आमच्याकडे दारावर एक हाक आली तर ओ देत नाहीत. दुसरी येईपर्यंत थांबतात, कारण भूत एकदाच हाक मारतं. ही रीत तिनेच मला शिकवली होती.

"वेगलं कोनी न्हाय त्यो," आत्या पदर डोक्यावरून घेत म्हणाली. "दादूस हाय माझा, तुझा बाप. बग ना, दुसऱ्याच्या होडीला हात लावत न्हाय. स्वताचीच होडी घेतो आनि दर्यात जातो. त्याचं मन अडकलंय. पोरानं होडी सोडली ना!"

खरं सांगतो, मला हे आधीच वाटलं होतं. मी फक्त स्वतःशी बोललो नव्हतो.

शुक्रवारी पहाटे जितूदादा होडीवर गेला तर खलाशी किनाऱ्यावर उकिडवे बसलेले. कुणी उठेना.

"काय झालं रं?" दादा म्हणाला.

"होडी कडंवरून खाली जाते म्हनं."

"कुठल्या कडंवरून?"

"कंप्युटरच्या."

दादा तणतणत घरी आला. "हरेश! तुझ्या त्या पेटीपायी माझी होडी वाळूत बसली! भरलेला दर्या सोडून बसलोय मी!"

शनिवारीही होडी हलली नाही. उलट शेजारच्या दोन होड्या थांबल्या. शेवटी तांडेलकाकांचा निरोप आला, उद्या अकराला स्वतः येऊन बघतो. काही असेल तर नारळ फोडू, नसेल तर ती पेटी फोडू.

म्हणजे माझी खुर्ची गेली. पण खुर्चीचं कसलं घेऊन बसलात? मला वाटत होतं, माझ्यामुळे बाबा सात वर्षांनी अडकून पडलेत.

रविवार उजाडला. साडेदहालाच आमची खोली भरली. दारात चपलांचा ढीग. खलाशी भिंतीला टेकून उभे, बायका उंबऱ्यावर, तांडेलकाका खाटेवर, हातात नारळ. दादा हाताची घडी घालून कोपऱ्यात. आत्याने लॅपटॉपपुढे उदबत्ती लावली होती. लॅपटॉपला धूर मानवत नाही, पण ते सांगायची माझी हिंमत नव्हती. फक्त आये तेवढी नव्हती. ती अंगणात. जवळ्याला अशा गोष्टींसाठी थांबता येत नाही.

मी पाटी उघडली. चौदा बटणं. माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवले.

अकराला दहा मिनिटं. अकराला पाच मिनिटं. लांब खताच्या कारखान्याचं धुराडं सरळ धूर सोडत होतं. मग धूर वाकला. खिडकीतून वारा आला आणि उदबत्तीचा धूर माझ्या तोंडावर.

बाण हलला.

"आयला!" कुणीतरी म्हणालं, आणि कुणीतरी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

बाण चाचपडत आला. 'दर्यालक्ष्मी'वर थांबला. धरलं. निघालं.

तांडेलकाकांच्या हातातला नारळ खाटेवर घरंगळला. चाळीस वर्षं दर्यात काढलेला माणूस! आत्या पुढे सरकली आणि पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाली, "दादूस, तूच ना रं?"

बटण थांबलं. जरासं मागे आलं.

खोलीत एक हुंदका फुटला. आत्या म्हणाली, "रागावलास काय? पोरानं होडी सोडली म्हनून?"

बटण जोरात डावीकडे सुटलं.

आणि मंडळी, इथे मी फुटलो. जो मी दुकानात पाव मागताना अडखळतो, तो मी भरल्या खोलीत हात जोडून त्या पडद्यापुढे बोलायला लागलो. "बाबा, चुकलो! मला बोट लागते हो! मी दर्याला भितो! सहा वर्षं बर्फाच्या पेटीमागे ओकत होतो, जाळं बघत नव्हतो! गेल्या वर्षी आजारी नव्हतो, नाटक करत होतो! आणि दादाची टॉर्च... ओकताना माझ्याच हातून पडली बाबा!"

कोपऱ्यातून आवाज आला, "टॉर्च तू पाडलीस?"

"जितू, गप!" आत्या ओरडली.

"चार दिवस खलाश्यांवर संशय घेतला मी!"

"गप रे! बापाशी बोलतोय त्यो!"

मी थांबलोच नाही. "बाबा, मी शब्द देतो. खुर्ची नको मला. मी येतो होडीवर परत. पण तुम्ही सुटा आता. जा!"

आणि काय सांगू! बटण वेडंपिसं झालं. डावीकडे, वर, खाली, गरगर गरगर. दुसऱ्या होड्यांनाही ओढायला लागलं. तेरा होड्या वादळात सापडल्यासारख्या एकमेकांवर आपटत होत्या. बायका किंचाळल्या. दोन खलाशी खिडकीतून बाहेर गेले, दार उघडं असताना. तांडेलकाका नारळ शोधत होते आणि सापडत नव्हता.

तेवढ्यात दारातून आये आत आली. कमरेवर टोपली, टोपलीत दगड.

"वारं केवडं सुटलंय! आनि येवडी मानसं घरात, पन ताडपत्रीला एक हात न्हाय! समदा जवळा उडाला असता, येकटीनं गुंडाळला!" तिने टोपली हिसडली. पडद्यावर चौदा होड्या उसळल्या. तिने टोपली दाणकन खाली ठेवली. चौदा होड्या जागच्या जागी थांबल्या.

मी पडद्याकडे बघितलं. मग टोपलीकडे. मग पडद्याकडे.

"आये," मी म्हणालो. "टोपली जरा हलव."

"का रं?"

"हलव तू."

तिने पायाने टोपली ढोसली. बाण टुणकन उडाला.

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम टोपलीकडे बघितलं. मी पुढे होऊन दगड बाजूला केले. दोन दगडांच्या मधे, जवळ्याच्या भुकटीने माखलेला, पोटाशी लाल डोळा चमकवत, माझा काळा माऊस पडला होता.

"ह्ये होय?" आये म्हणाली. "ह्ये कोपऱ्यावरचं वजन. रोज सकाली नऊला ठेवते, सांजला उचलते. हलकं हाय मेलं, उडतं. म्हनून वरती दगड ठेवते त्याच्या."

आता तुम्हीच जुळवा. अकराला दर्यावरून वारा येतो, ताडपत्री फडफडते, माऊस तिच्यावर सरकतो, बाण सरकतो. वरचा दगड डगमगतो, बटण दाबलं जातं, होडी धरली जाते. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला नखाएवढा एक काळा तुकडा खुपसलेला होता. मला तो लॅपटॉपचाच भाग वाटत होता. तो बिचारा आठवडाभर अंगणातल्या माऊसचं इमानाने ऐकत होता. अलिबागला अंगण नव्हतं, जवळा नव्हता. आणि बाबांचीच होडी का? कारण तिचं बटण मीच मधोमध मांडलं होतं, आणि हात काढताना बाण दर वेळी तिच्याच आसपास सोडत होतो. मलाही कळलं नव्हतं, मी तिथेच का सोडतो.

"पण आये, तो तिथे ठेवला कुणी?" मी शेवटची आशा धरून विचारलं.

"तूच की! त्या दिशी ताडपत्री धरायला आलास, मी म्हनलं कोपऱ्यावर वजन ठेव. तुझं सगलं ध्यान त्या पेटीत. हातात होतं ते ठेवलंस आनि गेलास आत. मला वाटलं, कंप्युटरचं काही असंल, जवल्याला बरं असतं."

पहिला हसला तो दादा. मग खलाशी. मग अंगणातून, खिडकीबाहेर गेलेले दोघे. आत्या तेवढी हसली नाही. ती माऊस हातात घेऊन पदराने पुसत होती.

तांडेलकाकांनी खाटेखालून नारळ काढला. पडद्यापुढे बसले, 'दर्यालक्ष्मी'वर बोट ठेवलं. मी प्रोग्राम चालू करून टिचकी मारली. हिरवं झालं. पुन्हा मारली. पांढरं झालं.

"बरं केलंस," काका म्हणाले. "फळ्यापरीस चांगलं हाय. सोमवारपासनं हापिसात ये."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून पाया पडायला लागलो, तर काकांनी मला खांद्याला धरलं.

"सोमवारपासनं. आज न्हाय. आज होडीवर जायचं."

"होडीवर? का?"

"बापाला शब्द दिलास ना? अख्ख्या वाड्यापुढं?"

"काका, पण ते बाबा नव्हते! तो माऊस होता, दगडाखालचा!"

"शब्द कोनाला दिला त्याला म्हत्त्व न्हाय रं," काका नारळ माझ्या हातात देत म्हणाले. "कोनी दिला त्याला हाय. एक फेरी मारून ये. सुटेल त्यो बी, सुटशील तू बी."

दुपारच्या भरतीला 'दर्यालक्ष्मी' निघाली. खलाशी एका शब्दाने उठले. मी नारळ दर्याला वाहिला आणि मनात बाबांना जे सांगायचं ते सांगितलं. या वेळी हळू, कुणाला ऐकू न जाईल असं. खांदेरी दिसायला लागली. माझ्या पोटात ढवळलं. मी सवयीने बर्फाच्या पेटीमागे जायला निघालो, तर दादाने मागून कॉलर धरली.

"लपतोस कशाला आता? समद्यांना म्हाईत हाय."

आणि त्याने नवी टॉर्च काढली, जाड सुतळीने माझ्या गळ्यात बांधली, दोन गाठी मारल्या आणि म्हणाला, "ओक बिनधास्त. पन ही पाडलीस ना, तर आयेच्या टोपलीतनं बाबांना कळवीन."